बंद बोगदा

शिवांजली लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडं जायची, तेव्हा तिथं तिला एकाच गोष्टीवरून बोलणी बसत. आत्याच्या मुलाला, वीरधवलला, दादा म्हणायचं नाही. चुकून तोंडातून निघालंच तर मंगलआत्या हातातलं काम टाकून म्हणायची, "त्याला कशाला दादा म्हनतीस गं? दादा म्हनायला तुला दुसरी लय हायत." आणि पदर तोंडाला लावून हसायची. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, हे आपल्याकडं शाळेत कुणी शिकवत नाही, तरी पोरींना ते पाढ्यांच्या आधी पाठ होतं. शिवांजलीलाही झालं. पुढं तिनं एमएस्सी केलं, पलूसच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागली, आनुवंशिकतेचा धडा फळ्यावर चौकटी आखून शिकवला, आणि लग्न वीरधवलशीच केलं. कळतं पण वळत नाही म्हणतात. हिला तर वळायचंच नव्हतं. वीरधवल तिला मनापासून आवडत होता.

घर कृष्णाकाठचं, घरचं गुऱ्हाळ. दिवाळी झाली की चरक सुरू व्हायचा आणि मग होळीपर्यंत घराच्या भिंतींना, अंथरुणाला, माणसांच्या केसांना गुळाचा वास. सासू म्हणजे आत्याच, त्यामुळं सासुरवास कसला तो नव्हता. एकच नेम होता. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर चहा पिता पिता आत्याला त्या दिवशीचा धडा सांगायचा. मंगलआत्या सातवी झालेली. पुढं शिकायची हौस होती, पण तेव्हा तिला विचारतो कोण? आता भावाची लेक मास्तरीण होऊन घरात आली म्हटल्यावर तिनं राहिलेली शाळा भाजी निवडत पुरी करायला घेतली होती.

"आज काय शिकीवलंस?" हा प्रश्न कधी चुकायचा नाही. सांगितलेलं ती दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावरच्या बायकांना आपल्या पद्धतीनं सांगून मोकळी व्हायची.

सगळ्या धड्यांत एन्झाइमचा धडा शिवांजलीचा लाडका. तो ती पुस्तकातून शिकवायची नाही. तिचे वडील अर्जुना साताऱ्याच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते, म्हणून तिनं तो धडा रस्त्यावर आणून ठेवला होता. ती पोरांना म्हणायची, "साखरेचा डबा फळीवर वर्षभर ठेवा. साखरेत ताकद आहे, पण ती आपली आपण मोकळी होत नाही. का? मध्ये घाट आहे म्हणून. ताकद बाहेर पडायच्या आधी तो घाट चढावा लागतो. चुलीत जाळ घालून आपण तो चढवतो. पण पोटात जाळ घालता येईल का? तिथं एन्झाइम लागतं. खंबाटकीला कसं आहे? साताऱ्याहून पुण्याला जाताना गाडी बोगद्यातून जाते. सातारा जागचा हलत नाही, पुणं हलत नाही. निघायची उंची तीच, पोचायची उंची तीच, फक्त मधला चढ कमी होतो. एन्झाइम म्हणजे तो बोगदा. ते स्वतः ताकद देत नाही, ताकद खातही नाही. वाट सोपी करतं, आणि जे व्हायला युगं लागली असती ते पापणी लवायच्या आत होतं."

मंगलआत्याला हा धडा इतका आवडला की तिनं तो दोनदा सांगायला लावला. "आमच्या दादाचं सगळं आयुष्य त्या घाटात गेलं की," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण अर्जुनाला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

साईराज झाला आणि घरात आनंद मावेना. सहा महिने तो आईच्या दुधावर गुटगुटीत होता. मग उष्टावण झालं. गुळाची खीर, तीही घरच्या गुळाची, मामाच्या मांडीवर बसवून भरवली. पोरानं ती ओकून टाकली. जास्त झाली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी थोडी दिली. तीही ओकला. आठवडाभरात पोर मलूल पडलं, डोळे पिवळे झाले, आणि एका सकाळी ते उठवल्यावरही उठेना.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त बाहेरगावी तपासायला पाठवलं आणि निकाल आल्यावर सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. उसाच्या साखरेचे पोटात दोन तुकडे होतात. एक ग्लुकोज, तो या मुलाला चालतो. दुसरा फळातल्या साखरेचा. त्या दुसऱ्याला मोडणारं एन्झाइम याच्या यकृतात जन्मतःच कामाचं नाही. त्यामुळं ती साखर अर्ध्या वाटेवर अडकते, यकृताची ताकद तिच्यापायी संपते आणि अंगात असलेलं ग्लुकोजसुद्धा मग रक्तात सोडता येत नाही. औषध नाही. साखर, गूळ, मध, फळं, काहीही द्यायचं नाही, जन्मभर. एवढं पाळलं तर मुलगा तुमच्या-आमच्यासारखा मोठा होईल.

"नवरा-बायको नात्यातले का?" डॉक्टरांनी विचारलं.

शिवांजली बोलायच्या आत आत्या बोलली. "माझ्या भावाची लेक हाय. मीच करून आनली."

डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, "आजी, अशी लग्नं इकडं घरोघर आहेत. बहुतेकांना काही होत नाही. तुमचे फासे उलटे पडले." पण आत्याला पुढचं काही ऐकू गेलं नसावं. परत येताना गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती आणि बाहेर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस होता.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "शिवे, त्या बोगद्याचं म्हनत हुतीस, त्यातलाच ह्यो येक व्हय?"

"होय आत्या. याचा तेवढा एक बोगदा बंद आहे."

"मंग गाड्या घाटानं जातील की. येताना आपन घाटानंच येतो."

शिवांजलीच्या कडेवर पोर किरकिरत होतं, शेगडीवर आमटी उतू चालली होती, आणि दवाखान्याच्या खुर्चीत बसून बसून तिची पाठ मोडली होती. "जातात, पण लय हळू," ती म्हणाली आणि आमटीकडं धावली. पुढचं सांगायचं राहून गेलं. ते नंतर तिच्या लक्षातही आलं नाही.

साईराज वाढला. गुळाच्या घरात बिनगुळाचं पोर, गावाला तेवढंच पुरे होतं. गुऱ्हाळावर आलेल्याला आधी काकवी द्यायची, मग नाव-गाव विचारायचं, अशी इथली रीत. ती काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा पातळ पाक, बायका बोटानं चाटत आणि साईराजकडं बघून म्हणत, "धन्यालाच चालंना बघ." पोराला मात्र त्याचं काही नव्हतं. त्याच्या अंगालाच अक्कल होती. कुणी पेढा पुढं केला तर तो तोंड फिरवायचा. पांढरेशुभ्र दात, एकालाही कीड नाही, आणि ज्वारीची भाकरी, दही, अंडं यांवर खूश. गुंडा नावाचा म्हातारा गुळव्या, जो गेली कित्येक वर्षं यांच्या काहिलीवर गूळ आटवत होता, तो त्याला खांद्यावर बसवून चरकापासून चुलवणापर्यंत फिरवायचा. साईराज त्याला गुंडाबा म्हणायचा.

पुढच्या जूनमध्ये साईराज बालवाडीत जाणार असं ठरलं, तशी आत्या विचारात पडली. "शाळंत रोज कुनाचा तरी वाडदिवस असतोय," एकदा ती म्हणाली. "पोरं चॉकलेट वाटत्यात. कुनी तोंडात घातलं म्हंजी? तू न्हाईस, मी न्हाई." शिवांजली म्हणाली, बाईंना सांगून ठेवू. "आनि मोठा झाल्यावर? आमी काय जन्माला पुरनार हाय?" मग आत्या काहीतरी पुटपुटली. लहानपणी वीरधवलला तिखट झेपत नव्हतं, रोज भाकरीच्या कडेला कणभर चटणी लावून लावून त्याला तिखट खायला शिकवलं, असं काहीसं. शिवांजलीनं हसून मान हलवली. तिला वाटलं, म्हातारं माणूस जुन्या आठवणीत गेलं.

दिवाळी झाली. चरक सुरू झाला. आणि साईराज वाळायला लागला.

आधी दुपारच्या उलट्या. मग जेवण नको म्हणायला लागला, तेही फक्त दुपारी. रात्री आईच्या हातची भाकरी खायचा. पोट नगाऱ्यासारखं, हातापायाच्या काड्या. सांगलीच्या डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवला, यकृत सुजल्याचं सांगितलं आणि शिवांजलीकडं रोखून बघितलं. "मॅडम, कुठून तरी जातंय. थोडं थोडं, पण रोज. ते शोधा. असंच चाललं तर यकृत टिकणार नाही, आणि एखाद्या दिवशी जास्त गेलं तर तेवढाही वेळ मिळणार नाही."

त्या दिवसापासून शिवांजली घरात पोलिसासारखी वावरायला लागली. पहिल्यांदा तिनं दात घासायची पेस्ट फेकून दिली. तापाचं, खोकल्याचं सगळं औषध पिशवीत भरून पलूसला रहिमानभाईंच्या मेडिकलमध्ये नेलं. त्यांनी एकेक बाटली उजेडाला धरून बारीक अक्षरं वाचली आणि पातळ औषधं सगळी बाजूला काढली. "बेटा, पोराला गोळीच द्या, कुटून," ते म्हणाले. "सिरपात साखर असतीच." तिला वाटलं, सापडलं. पण उलट्या थांबल्या नाहीत.

मग संशय माणसांवर गेला. वीरधवलच्या हातांना चोवीस तास गुळाचा वास. त्या हातांनी तो पोराला घास भरवायचा. त्यावरून दोघांचं असं भांडण झालं की लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "माझ्या पोराला मी मारीन व्हय गं?" तो म्हणाला. त्यानंतर तो आंघोळ केल्याशिवाय साईराजला हात लावेना, आणि पुढं पुढं तर लावेनाच. मग राहिला गुंडा. शिवांजली गुऱ्हाळावर गेली आणि सगळ्या कामगारांदेखत तिनं त्याला विचारलं, पोराला काकवी चाटवलीत का म्हणून. म्हातारा उलथनं हातात धरून तसाच उभा राहिला. "वैनी, मला ठावं हाय की त्याचं," तो म्हणाला. शिवांजलीचा विश्वास बसला नाही. तिनं त्याला बजावलं, आजपासून माझ्या पोराच्या जवळपास दिसायचं नाही. गुंडानं मान हलवली आणि परत काहिलीकडं वळला.

आत्यावर तिचा संशय गेला नाही. कसा जाईल? दिवसभर पोराला सांभाळणारी तीच, त्याच्या उलट्या काढणारी तीच, त्याच्यापायी स्वतःच्या चहातली साखर बंद केलेली तीच. कॉलेजला निघताना शिवांजली तिच्याच मांडीवर पोर ठेवून निर्धास्त व्हायची.

त्या दिवशी प्रयोगशाळेत अकरावीचं प्रात्यक्षिक होतं. परीक्षानळीत भाताची पेज घालायची, तिच्यात थोडी थुंकी मिसळायची आणि आयोडीनचा निळा रंग उतरतो का बघायचं. पोरं थुंकायला लाजत होती, मुली हसत होत्या. शिवांजली म्हणत होती, "हसू नका, तुमच्या तोंडात जे आहे ते बाहेर करायचं तर पेज आम्लात घालून उकळत बसावी लागेल." तेवढ्यात वीरधवलचा फोन आला. "घरी येऊ नकोस. सरळ सांगलीला ये." रसायनशास्त्राच्या शमशाद मॅडमनी काही न विचारता स्कूटी काढली.

दवाखान्यात साईराज आतल्या खोलीत होता. त्याला झटके आले होते. वीरधवल दारापाशी भिंतीला टेकून उभा होता आणि बाकावर मंगलआत्या बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. शिवांजली आत जायला लागली तशी आत्यानं तिचं मनगट धरलं.

"शिवे, आज चमचाभर दिली. काकवी."

शिवांजलीला आधी समजलंच नाही.

"रोज बोटभर देत हुते, दुपारची. औषध हाय म्हनून. त्यो घिईना, तवा आमटीत घालून दिली. वकायचा, पर पचायला लागली आसं वाटलं मला. चार दिस वकला नव्हता. म्हनून आज चमचा दिला."

"का?" एवढंच शिवांजलीच्या तोंडून बाहेर पडलं.

"सवय व्हावी म्हनून. मी मेल्यावर कुनी पेढा दिला तर मरू नये म्हनून." आत्याचा आवाज अगदी सरळ होता. धडा म्हणून दाखवावा तसं ती बोलत होती. "बोगदा बंद हाय, पर घाटानं गाडी जाती, हळू जाती, तूच म्हनाली हुतीस. दादा सांगायचा, नव्या ड्रायव्हरला आदी रिकामी गाडी देत्यात घाटात, मग थोडी मानसं, मग भरलेली. मी तसंच केलं. मीच लगीन लावलं ह्ये, मीच निस्तरावं म्हनलं."

शिवांजलीनं मनगट सोडवून घेतलं आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. काय दिलं, किती दिलं, कधीपासून. डॉक्टरांनी पुढचं ऐकायला वेळ घालवला नाही. ग्लुकोज चालू होतं, आणखी काय काय चालू होतं. पण यकृत महिनाभर रोज थोडं थोडं मरत आलं होतं आणि आता त्यात काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी साईराज गेला. शेवटी शेवटी त्यानं डोळे उघडले होते आणि त्याला आई दिसली होती की नाही, हे शिवांजलीला कधीच कळलं नाही.

राख सावडायला माणसं गोळा झाली तेव्हा गुंडा नदीच्या काठावर वर, बाभळीखाली उभा होता. खाली आला नाही. पोराच्या जवळपास दिसायचं नाही असं त्याला सांगितलेलं होतं. शिवांजलीनं ते बघितलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चढून वर गेली आणि तिनं म्हाताऱ्याचे पाय धरले. तो मागं सरकत "नगा वैनी, नगा," एवढंच म्हणत राहिला.

वीरधवलनं आईशी बोलणं टाकलं. ताट समोर आलं की जेवायचा, उठायचा. शिवांजलीला मात्र तेही जमेना. तिला आत्याचा इतका राग यायचा की एकाच छताखाली श्वास घेणं नको वाटायचं. आणि तो राग फार वेळ आत्यावर टिकायचा नाही, फिरून तिच्यावरच यायचा. ती उतू जाणारी आमटी तिला रोज दिसायची. आमटी गेली असती तर काय बिघडलं असतं? एक वाक्य राहिलं होतं. खंबाटकीचा घाट गाडी अर्ध्या तासात चढते, म्हणून आपण त्याला घाट म्हणतो. शरीरातला घाट इतका उंच असतो की गाडी चढेपर्यंत माणसाचं आयुष्य पुरत नाही, आणि गाड्या हळू सोडल्या काय नि भरभर सोडल्या काय, त्या पायथ्याशीच तुंबतात. घाटाला सवय होत नसते. हे ती दर वर्षी शंभर पोरांना सांगत होती. घरातल्या एका बाईला सांगायचं राहिलं.

वर्ष फिरलं. पुन्हा चरक सुरू झाला, पुन्हा भिंतींना वास आला. कॉलेजात एन्झाइमचा धडा आला. शिवांजलीनं खडू घेतला, फळ्यावर एक मोठा चढ काढला, खाली लहान चढ काढला, दोन्हीकडं नावं लिहिली, आणि पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी सांगितली. पोरांनी उतरवून घेतली. थोरल्या भावंडांच्या तोंडून ऐकलेला बोगदा येईल म्हणून काही पोरं वाट बघत होती. तो आला नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आत्या सोप्यात मेथीची जुडी घेऊन बसली होती. वर्षभरात ती निम्मी झाली होती. शिवांजली चपला काढून आत निघाली.

"आज काय शिकीवलंस?"

वर्षभरात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. शिवांजली उंबऱ्यात थांबली. खोटं सांगावं असं तिच्या मनात येऊन गेलं.

"एन्झाइम," ती म्हणाली.

आत्याचे हात मेथीवरून थांबले नाहीत. "घाटाचं सांगितलंस?"

"नाही. नुसती आकृती काढली."

"सांगत जा. त्याबगार पोरास्नी कळायचं न्हाई." आत्यानं एक कोवळी काडी मोडून टोपलीत टाकली, एक जून काडी बाजूला ठेवली. "पर पुढलंबी सांग. बोगदा बंद आसला की घाटानं गाडी जात न्हाई म्हनावं. हळूबी जात न्हाई. आनि कुनी इचारलं, मॅडम, कशावरनं, तर माझं नाव घिऊन सांग."

शिवांजली आत गेली नाही. ती खाली बसली, जुडीतली अर्धी मेथी तिनं स्वतःपुढं ओढली आणि निवडायला लागली. मागच्या बाजूनं चरकाचा आवाज येत होता आणि दोघींपैकी कुणीच चहा ठेवायला उठलं नाही.